चार गुणांसाठी सासरे मारले

आमच्या कंपनीत स्टोअर्स इन्चार्जचं पद सहा वर्षं रिकामं होतं आणि त्या सहा वर्षांत ते काम मी करत होते. चाव्या माझ्याकडे, रजिस्टर माझ्याकडे, ऑडिटवाले आले की शिव्याही माझ्याकडे. कागदावर मात्र मी सहायक. वाळूजच्या कारखान्यांत असं चालतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. मग मागच्या वर्षी जुलैत एचआरला नवे साहेब आले. त्यांनी रिकाम्या पदांची यादी मागवली. यादी करणाऱ्या माणसाबद्दल मला एरवी आदरच वाटतो. पण त्या यादीत तिसऱ्या ओळीवर माझी खुर्ची होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: शिक्षण, किमान बारावी पास.

मी अकरावी पास. बारावीची परीक्षा आणि लग्न एकाच वर्षात आलं आणि घरच्यांनी लग्न ठेवलं.

साहेबांनी मला बोलावून नीट समजावलं. माझ्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही, पण कागद लागतो. पुढच्या जूनपर्यंत पद भरायचं. मी बारावी झाले तर पद माझं. नाही झाले तर एखादा पदवीधर घेऊ. "त्याला काम तुम्हीच शिकवाल, मॅडम, त्याची काळजी नाही," असं ते म्हणाले. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

मी जागेवर आले आणि यादी केली. माझ्या याद्या फ्रिजच्या दारावर असतात, पर्समध्ये असतात, मोबाइलमध्ये असतात. कधी कधी आधीच झालेलं कामही मी यादीत घालते, नुसतं खोडायला मिळावं म्हणून. ही यादी मात्र साधी होती. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसता येतं. शाखा कला. विषयांपुढे मी रंग दिले. मराठी हिरवा. इतिहास हिरवा. राज्यशास्त्र, ग्रामपंचायत जवळून पाहिल्यामुळे, हिरवा. समाजशास्त्र, सासर मोठं असल्यामुळे, हिरवा. अर्थशास्त्र पिवळा. इंग्रजी लाल.

इंग्रजी मला अजिबात येत नव्हतं असं नाही. बेअरिंग, गॅस्केट, स्पिंडल, रिजेक्शन, शॉर्टेज, अशी दोनेक हजार इंग्रजी नामं मला पाठ होती. क्रियापदांची कमतरता होती.

बजाजनगरात पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक क्लास होता, खास सतरा नंबरवाल्यांसाठी. संध्याकाळी साडेसहा ते आठ. गिरणी चालू झाली की बाकं गुणगुणायची आणि आमच्या वह्यांवर पांढरी पूड बसायची. आमच्यात एक सिक्युरिटी गार्ड होते, एक पार्लरवाली, प्रेस शॉपचे दोन ऑपरेटर आणि असेच आणखी दहाबारा जण, सगळे कुठल्या ना कुठल्या कागदासाठी अडलेले. शिकवणाऱ्या मॅडम सिल्लोडच्या, एम. ए. इंग्लिश, वय फार तर सव्वीस. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला काकू म्हणायच्या. मी सगळ्यांत मोठी होते आणि वह्यांना कव्हर घालणारी एकटीच होते.

मॅडमचा हिशोब स्वच्छ होता. धडे-कविता वाचून कसेबसे गुण मिळतील, पण लेखनाच्या प्रश्नांत आमच्यासारखे लोक कोरा कागद ठेवून येतात आणि तिथेच बुडतात. भाषण, ब्लॉग, अहवाल, आवाहन, प्रत्येकी चार गुण. त्यासाठी त्यांच्याकडे सात रेडिमेड मजकूर होते. पाठ करायचे आणि प्रश्नाच्या मापानं कापून घालायचे. त्यातला सगळ्यात चालणारा मजकूर म्हणजे आजोबा. आजोबा मंगळवारी सकाळी जातात, आकाश रडत असतं, घर शांत होतं, आणि त्यांनी दिलेली शिकवण लेखकाच्या मनात कायम राहते. न विसरता येणारी व्यक्ती, न विसरता येणारा दिवस, कुटुंबाचं महत्त्व, वेळेचं महत्त्व, काहीही आलं तरी आजोबा जायचे. मॅडमचे स्वतःचे आजोबा सिल्लोडला ठणठणीत होते आणि रोज सकाळी बाजार समितीपर्यंत चालत जायचे.

मला ही पद्धत लगेच पटली. आमच्याकडे तीन मशीनना चालणारं एकच गॅस्केट असतं, त्याला कॉमन पार्ट म्हणतात. शहाणा स्टोअरकीपर कॉमन पार्ट जास्त ठेवतो. मी जुन्या गेटपासांच्या पाठीवर सातही मजकुरांची कार्डं केली, ई-एक ते ई-सात, आणि प्रत्येकावर तो कोणकोणत्या विषयाला बसतो ते लिहिलं. आजोबा, म्हणजे ई-चार, एकतीस विषयांना बसत होते. मॅडमना कार्ड दाखवलं तर त्या बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं कौतुकानं.

फक्त एक सूचना त्यांनी दिली होती. नातं आणि गाव आपापलं घाला, नाहीतर तपासणाऱ्याला कळेल की अख्ख्या बजाजनगरचा एकच म्हातारा मेला. माझे दोन्ही आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले, त्यांच्याबद्दल काय लिहिणार. म्हणून मी सासरे घेतले. गाव पाचोड. मजकुरात आजोबा हा शब्द अकरा वेळा होता. अकराही ठिकाणी मी सासरे बसवले, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आणि पाठ केलं.

पहिली चाचणी झाली. मॅडम चांगल्या उत्तरातले भाग वर्गात वाचून दाखवायच्या. माझं अक्षर बघून त्यांनी माझा पेपर विश्वासानं उचलला. मंगळवार वाचला, आकाश वाचलं, आणि पुढच्या ओळीवर त्या थांबल्या. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. मग पुन्हा उचलला आणि मराठीत सांगून टाकलं. लेखिकेचे सासरे दरवर्षी लेखिकेला खांद्यावर बसवून जत्रेला नेत. लेखिका त्यांच्या मिशा ओढत असे. लेखिकेला चालायलाही त्यांनीच शिकवलं.

गिरणी नेमकी बंद होती, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू गेलं.

गार्डभाई बेगमपुऱ्याचे, बोलायला शांत. ते वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "भाभी, ससुर के कंधे पे? पूरे पाचोड के सामने?"

चारपैकी एक गुण मिळाला. तो अक्षराला.

क्लास सुटल्यावर मी मॅडमना सांगितलं की चूक माझीच आहे, एक पार्ट बदलला की त्याला जोडलेले बाकीचे तपासायला पाहिजेत, हे मी इतरांना शिकवते. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही तुमचे सासरे पाहिलेत ना? मग त्यांच्याबद्दल आजोबांना कशाला विचारता?"

हे मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचं करायचं काय ते मला कळलं नाही. मी खांदा, मिशा आणि चालणं कापलं. बाकी तसंच ठेवलं.

नोव्हेंबरात सासरे आमच्याकडे राहायला आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. आधी एक डोळा, मग दुसरा. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. आता मेंढरं पुतण्या नेतो, पण कुठं न्यायची, कधी न्यायची आणि पुतण्याचं काय चुकलं हे लिंबाखाली बसून तेच सांगतात. आमच्या हॉलमधल्या दिवाणावर काळा चष्मा लावून त्यांना गप्प बसणं जड जात होतं. टीव्ही मी बंद केला होता. थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. त्यामुळे त्यांना एकच काम उरलं, ते म्हणजे घरात कोण काय बोलतंय ते ऐकणं.

मी भाकरी करता करता पाठांतर करायचे. आधी इंग्रजी ओळ, मग तिचा मराठी अर्थ, म्हणजे डोक्यात बसते. त्या संध्याकाळी मी दुसऱ्या भाकरीवर आणि तिसऱ्या ओळीवर होते.

"सूनबाई," हॉलमधून आवाज आला. "कोण गेलं म्हणं?"

"कोणी नाही मामा. अभ्यास करतेय."

"सासरे गेले म्हणलीस तू. मंगळवारी सकाळी. तुला सासरा एकच हाय ना?"

तव्यावरची भाकरी उतरवून मी बाहेर गेले आणि सांगितलं. परीक्षेत इंग्रजीतून लिहायचं असतं, कोणीतरी गेलेलं दाखवलं की गुण पडतात, मी तुम्हाला घेतलंय, सगळं खोटं आहे. मनात मी माफीचे मुद्दे क्रमानं लावत होते. त्यांनी काळा चष्मा सारखा केला.

"कशानं गेलो?"

"हार्ट अटॅकनं."

"आन् मंग?"

"मग आकाश रडत होतं."

"आन् मान्सं?"

"माणसं नाहीत त्यात, मामा."

ते उठून बसले. "मान्सं नाईत? शंभर-दीडशे मातीला गेलो आसन म्या. उन्हात, पान्यात, वैऱ्याच्या बी मातीला गेलो. आन् माझ्या मातीला कोनीच नाय? आभाळ एकलंच रडायलंय?"

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. कोणी गेलं की पहिला प्रश्न असतो, माती किती वाजता. सासऱ्यांना मरणाबद्दल तक्रार नव्हती. गर्दीबद्दल होती.

मी म्हणाले की मजकूर तयारच मिळालाय, मी फक्त नातं बदललं. ते म्हणाले, "मंग तो दुसऱ्याचा कोनी मेलाय. मला मारायचं तर नीट मार. वही आन."

पुढच्या तीन संध्याकाळी त्यांनी मला स्वतःची माती सांगितली. थेंब घालायचे आणि लिहायला बसायचं. मी क्रमांक टाकत गेले. धाकटा भाऊ, ज्याच्याशी बांधावरून बारा वर्षं बोलणं नाही, तो सगळ्यात आधी येणार आणि सगळ्यात मोठ्यानं रडणार. त्याला नीट रडवायचं, घाई करायची नाही. बाजारातला बकऱ्यांचा व्यापारी मोटारसायकल बंद न करता एक पाय टेकवून उभा राहणार. सरपंच श्रद्धांजलीला उठणार आणि स्वतःनं बांधलेल्या रस्त्याबद्दल बोलणार. शहरातला मुलगा, म्हणजे माझा नवरा, फोनवर अर्ध्या वाटेवर, आडूळला आलो म्हणणार आणि तेव्हा तो घरात मोजे शोधत असणार.

"आन् बाया तुझ्याकडं बघतील," ते म्हणाले. "तू रडशील का?"

"रडेन की."

"मोठ्यानं?"

"प्रयत्न करीन."

"तुझं काय सांगता येत नाय. तू लाकडाची यादी करत बसशील."

आतल्या खोलीत माझा नवरा नाइट शिफ्टला जायला कपडे करत होता. तो हसला. त्या आठवड्यात त्याचा तेवढाच आवाज आला.

तिसऱ्या संध्याकाळी मी विचारलं की अजून काही राहिलंय का. मला वाटलं जेवणावळीचं सांगतील.

"मेंढरं," ते म्हणाले. "मान्सं जमली म्हनून मेंढरं थांबत नसत्यात. धा वाजले की वाडग्यात वरडाया लागतील. सगळे ऐकतील आन् कोनी उठनार नाय. कारन जो उठंल त्याला म्हनतील, बाप मेलाय आन् ह्याला मेंढरं सुचायलीत."

"मग कोण सोडणार?"

"माझा बाप गेला तवा म्या उठलो व्हतो."

मी त्याला क्रमांक दिला, एकोणीस. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढायला हात नेला. मी काढू दिला नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं की जेवायला काय केलंय.

एकोणीसही मुद्दे मी इंग्रजीत केले. डिक्शनरी, मोबाइल आणि दोन जेवणाच्या सुट्ट्या लागल्या. वाडग्याला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाला, इंग्रजीत काय म्हणतात हे शोधायला अर्धी सुट्टी गेली. शुक्रवारी क्लासमध्ये मी अडीच पानं मॅडमच्या पुढे ठेवली. त्यांनी पूर्ण वाचली.

"काकू, ही यादी आहे."

"हो."

"याला गुण मिळणार नाहीत."

मी सांगितलं की यातलं एकही वाक्य रेडिमेड नाही, सगळं आतल्या माणसाकडून घेतलंय. त्यांना ते मान्य होतं. पण ऐंशी-शंभर शब्दांच्या जागेत मी अख्खं पाचोड उतरवलं होतं आणि त्या गर्दीत जो मेला तोच दिसत नव्हता. एक ठेवा आणि अठरा खोडा, असं त्यांनी सांगितलं.

हे बोलायला सोपं आहे. मी बावीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली आहेत. गंजलेला स्क्रूसुद्धा मी मनानं टाकू शकत नाही. त्यासाठी स्क्रॅप नोट लागते आणि तिच्यावर दोन सह्या लागतात, एक मागणाऱ्याची, एक मंजूर करणाऱ्याची. हे मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं विषय संपला. त्यांनी लाल पेन घेतलं, अडीच पानांच्या शेवटी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

"ही मंजुरीची. मागणी तुम्ही करा."

गिरणी चालू झाली होती. बाक गुणगुणत होतं आणि मी एकेक ओळ खोडत होते. सरपंचाचं काही वाटलं नाही. मोटारसायकलचं थोडं वाटलं. भावाला खोडताना हात अडला, कारण सासऱ्यांनी त्याच्यावर फार मेहनत घेतली होती. शेवटी मेंढरं राहिली. मग मी छोट्या छोट्या वाक्यांत लिहिलं. अंगणात माणसं बसलीत. दहा वाजतात. मेंढरं ओरडतात. सगळे माझ्या नवऱ्याकडे बघतात, नवरा जमिनीकडे बघतो. मी उठते आणि वाडग्याचं दार सोडते. मेंढरं माणसांच्या मधून जातात, आणि बसलेल्या माणसांना पाय जवळ घ्यावे लागतात.

आकाशाचा उल्लेख नव्हता. साडेतीन गुण मिळाले. मॅडमनी हे मात्र वाचून दाखवलं नाही. नुसता पेपर माझ्यापुढे ठेवला आणि त्या फळा पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी माझे गुण बघून गार्डभाईंनी मजकूर मागितला. पाठ करू म्हणाले, पास होण्याची त्यांनाही घाई होती. मी विचारलं की तुमचे सासरे काय करतात. रिक्षा चालवतात, म्हणाले. मी म्हणाले, मग त्यांना विचारा ना भाई, मेंढरं कशाला नेता. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी मॅडमचे आजोबाच ठेवले.

घरी मी सासऱ्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"भाऊ कुठाय?"

"काढला."

"रडत व्हता ना तो?"

"जागा नव्हती, मामा."

"तीन रोज सांगितलं म्या. सरपंच नाय, भाऊ नाय. कोन कोन आलतं ते तरी लिव्ह."

मी स्क्रॅप नोटची पद्धत समजावली. त्यांनी त्या वेळचे थेंब घालून घेतले नाहीत. वेळापत्रकात ती जागा कोरी राहिली, माझ्या आयुष्यातली पहिली कोरी जागा. पुढच्या थेंबांच्या वेळी मात्र डोळा वर करून ते म्हणाले, "ते दार सोडलेलं पुन्ना वाच." मी वाचलं. त्यांनी दुसऱ्या डोळ्यातही थेंब घालून घेतले. मग म्हणाले की बाईनं दार सोडलेलं गावात चालणार नाही, पण इंग्रजीत चालत असेल तर असू दे.

जानेवारीत ते दोन्ही डोळे घेऊन पाचोडला गेले. जाताना चष्म्याच्या डबीत मी थेंबांची यादी घातली आणि त्यांनी मला बजावलं की पेपर झाल्यावर फोन कर.

फेब्रुवारीत परीक्षा. मी केंद्रावर गेले तर जिन्यात उभी असलेली दोन मुलं मला बघून बाजूला झाली आणि गुड मॉर्निंग मॅडम म्हणाली. वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मी माझ्या नंबराच्या बाकावर बसले तेव्हा मागे कुजबुज झाली. माझ्याकडे चार निळी पेनं, दोन काळी, पेन्सिल, पट्टी, घड्याळ, पाण्याची बाटली आणि डोक्यात ई-एक ते ई-सात होते. ई-चार सगळ्यात वर.

धडे-कविता झाल्या. लेखनाच्या प्रश्नांवर आले आणि बघितलं. न विसरता येणारी व्यक्ती नव्हती. न विसरता येणारा दिवस नव्हता. कुटुंब नव्हतं. माझ्या एकतीस विषयांपैकी एकही त्या पानावर नव्हता. एका प्रश्नात अहवाल मागितला होता, तुमच्या संस्थेत झालेल्या सुरक्षा सप्ताहाचा. बाकी पर्यायही तसेच. माझे सासरे कुठेच बसत नव्हते. मला एचआरचे साहेब दिसले, आणि त्यांच्या शेजारी एक पदवीधर, ज्याला मी कोणत्या रॅकमध्ये काय आहे ते दाखवत होते.

पाच मिनिटं मी काही लिहिलं नाही. माझ्या वेळापत्रकात या पाच मिनिटांना जागा नव्हती. मग शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, सवयीनं, यादी केली. कंपनीत दरवर्षी फायर ड्रिल होतं. भोंगा वाजतो, सगळे मैदानात जमतात, डोकी मोजतात, नळी दाखवतात, साहेबांचं भाषण होतं, चहा मिळतो. दहा मुद्दे झाले. दोन सह्यांचं तिथं काही जमणारं नव्हतं, म्हणून एकटीनंच खोडायला घेतलं. खोडता खोडता दहाही गेले आणि एक उरला, जो मी आधी यादीत घातलाच नव्हता.

गेल्या ड्रिलला भोंगा वाजला तेव्हा सगळे पळाले आणि मी परत फिरले, कारण स्टोअरला कुलूप लावायचं राहिलं होतं. उघडं स्टोअर सोडून मी कधी गेलेले नाही. कुलूप लावून बाहेर आले तर सेफ्टी ऑफिसर घड्याळ घेऊन उभे होते. तुम्ही मेलात, मॅडम, असं सांगून त्यांनी माझ्या गळ्यात लाल पाटी अडकवली आणि मला स्ट्रेचरवर निजवून गेटजवळ ठेवलं. अर्धा तास मी मेलेली होते. डोळे मिटून पडले होते आणि शेजारी कॅन्टीनवाले व असेंब्लीवाले बोलत होते की आता चाव्या कोणाकडे, आणि उद्या सकाळी हातमोजे कोण देणार. बाकी कोणाला काही अडचण दिसली नाही.

हेच लिहिलं. कंपनीच्या जागी संस्था लिहिलं आणि या वेळी त्याला जोडलेले सगळे पार्ट दोनदा तपासले. शेवटी लिहिलं की पुढच्या ड्रिलला लेखिका कुलूप न लावता पळाली. हे धादांत खोटं आहे, पण अहवालाला शेवट लागतो आणि प्रश्न चार गुणांचा होता.

बाहेर गार्डभाई भेटले. त्यांनी आजोबांना सुरक्षा सप्ताहात घातलं होतं. आजोबा हेल्मेट न घालता गेले आणि आकाश रडलं. मला वाटलं वाईट नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मी स्टोअरमध्ये होते. नेटवर्क फक्त रॅक नंबर सातजवळ येतं, तिथे स्टुलावर उभी राहून मी पान उघडलं. इंग्रजी अठ्ठावन्न. बाकीचे विषयही पार. स्टुलावरून उतरले, प्रिंट काढली, दोन झेरॉक्स केल्या आणि पाचोडला फोन लावला.

"पास झाले, मामा."

"व्हणारच व्हतीस. मला मारलं का?"

"नाही मामा. तसा प्रश्नच आला नाही."

"आन् मंग कोन मेलं?"

"मीच मेले. कंपनीत, आगीत, खोटी खोटी."

फोनवर मेंढरांचा आवाज येत होता.

"कोन कोन आलतं?"

"कोणीच नाही. चाव्यांचीच चौकशी चालली होती."

"बघ," ते म्हणाले. "म्हनून सांगत व्हतो, भाऊ ठेव."

प्रिंट घेऊन मी एचआरला गेले. साहेब खरोखर खूश झाले, त्यांनी हात मिळवला आणि पदवीधराची जाहिरात काढायची गरज उरली नाही म्हणाले. जूनच्या शेवटी ऑर्डर आली. इंग्रजीत, एक पान. मी ती उभ्यानंच वाचली, डिक्शनरी न काढता. स्टोअर्स इन्चार्ज. खाली दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की सहा महिने प्रोबेशन राहील, त्या काळात प्रशिक्षण व देखरेख होईल आणि काम समाधानकारक वाटल्यास नेमणूक कायम करण्यात येईल.

मी सहा वर्षं तेच काम करत होते.

नवरा म्हणाला, सही करून टाक, सहा महिने जातात. मी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला आणि प्रोबेशन का नको याची कारणं लिहिली. अकरा निघाली. सगळी खरी, सगळी पुराव्यासह, ऑडिटच्या रिपोर्टांचे क्रमांक घालून. मग ती मेलमध्ये टाइप केली, इंग्रजीत, कोणालाही न विचारता. एकदा वाचून बघितली आणि दहा पुसली. मेल एवढाच राहिला: साहेब, प्रोबेशनमध्ये मला प्रशिक्षण कोण देणार ते कळवावे. ज्या तिघांना हे काम येतं, त्या तिघांना मी शिकवलं आहे.

दोन दिवसांनी सुधारलेली ऑर्डर आली. दुसरा परिच्छेद नव्हता. मी तिच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक फाइलला लावली, एक घरी नेली. उरलेली दहा कारणं एका कागदावर उतरवून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहेत. साहेब बदलीवर जाणार आणि नवे येणार अशी चर्चा आहे.